शेवटचा रकाना

आमच्या बेटाची जाहिरात मला डॉक्टरांच्या साप्ताहिकात, मागच्या पानांवर दिसली. १९९१चा मे महिना होता. ते साप्ताहिक मंगळवारच्या बोटीने यायचं, त्यामुळे हातात पडेपर्यंत चार दिवस शिळं झालेलं असायचं. मी ते मागून वाचायचे. कुठल्या गावाला डॉक्टर हवाय, कुठली जागा रिकामी झालीय, हे वाचायला मला आवडायचं. कुठे जायचं होतं म्हणून नव्हे, उलट कुठे जायचं नव्हतं म्हणून. पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती. मार्नसे बेट, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. एकट्या डॉक्टरची प्रॅक्टिस. वस्ती तीनशे ऐंशी. दवाखान्याला जोडून घर. औषधंही डॉक्टरनेच द्यायची. सध्याचे डॉक्टर ऑगस्टअखेर जागा सोडत आहेत.

सध्याचे डॉक्टर म्हणजे माझा नवरा, हरीश बेहेरे.

मी मजकूर पुन्हा वाचला. बाहेरच्या खोलीत तीन पेशंट बसले होते. तिघांना तपासलं, औषधं बांधून दिली, मग दार लावून लेस्टरला फोन केला. हरीश त्या आठवड्यात तिथे होता, श्रीकांतकडे. श्रीकांत त्याचा पुण्यापासूनचा मित्र; बेलग्रेव्ह रोडजवळ त्याची मोठी प्रॅक्टिस होती.

"अगं, सांगणारच होतो," हरीश म्हणाला. "फोनवर नको, समोरासमोर सांगू म्हटलं."

"आरोग्य बोर्डाला राजीनामा कधी दिलास?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे. श्रीकांतला पार्टनर हवाय, सप्टेंबरपासून. इथे आपली माणसं आहेत सुप्रभा. कोथिंबीर मिळते, मंडळ आहे, मीनलला कॉलेजं जवळ पडतील. अजून किती वर्षं मेंढ्या मोजत बसायचं तिथे?"

"तू कधी मोजल्यास?" मी विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

हरीश आणि मी एकाच मेडिकल कॉलेजात, एकाच वर्गात होतो. लेस्टरच्या हॉस्पिटलात त्याने आठ वर्षं सर्जरीत रजिस्ट्रार म्हणून, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखाली, काढली. त्याने शिकवलेली मुलं त्याच्या डोळ्यांदेखत कन्सल्टंट झाली, त्याला मात्र प्रत्येक मुलाखतीनंतर तेच सभ्य पत्र यायचं. १९८२ साली, अशा चौथ्या पत्रानंतर, त्याने रागाच्या भरात मार्नसेची जागा घेतली. जिथे कोणीच यायला तयार नाही तिथे तरी मला नाही म्हणणार नाहीत, असं तो म्हणाला, आणि ते खरं निघालं. जागा एकच होती आणि ती त्याच्या नावावर होती. मी डॉक्टरची बायको म्हणून गेले आणि 'मदतनीस' म्हणून कागदावर लागले.

पहिले दोन हिवाळे त्याने काम चांगलं केलं, हे सांगायला हवं. नंतर त्याचा जीव लागेना. हिवाळ्यात बेटावर दुपारी साडेतीनलाच अंधार पडायचा, बोट आठवड्यातून तीनदा, तीही वारा असेल तर नाही. तो लेस्टरला आधी शनिवार-रविवार जायचा, मग महिन्यातला एक आठवडा, आणि १९८७पासून महिन्यातले दोन-तीन आठवडे. तिथे मंडळाचं काम होतं, श्रीकांतच्या प्रॅक्टिसमध्ये अधूनमधून बसणं होतं. नियम असा होता की नेमलेल्या डॉक्टरने बेट सोडायचं तर बोर्डाला कळवायचं आणि बोर्ड बदली माणूस पाठवणार. हरीशने कधी कळवलं नाही. "तू आहेस ना," एवढंच तो बोटीवर चढताना म्हणायचा.

मी होते. माशाचा गळ तळहातात रुतलेला माणूस, दमा उसळलेली शाळामास्तरीण, पोट दगडासारखं झालेला मुलगा, ज्याच्यासाठी ओहोटी लागून वाळूची धावपट्टी मोकळी होईपर्यंत विमान उतरू शकत नव्हतं. हे सगळे माझे पेशंट होते. पण औषधाच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर नाव हरीशचं छापलेलं, शिक्का हरीशचा, पेशंटच्या कार्डांवर वर नाव हरीशचं. मदतनीसाने मुख्य डॉक्टरच्याच कागदांवर लिहायचं, ही रीत सगळीकडे होती. माझ्या आईने जन्मात कधी बाबांचं नाव उच्चारलं नाही. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा नवऱ्याच्या नावाचा शिक्का मारत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरचंच काम, कोणाच्या का नावाने होईना, अशीच आमची समजूत असते.

राजीनाम्याचं कळल्यावर मी आठवडाभर विचार केला आणि हरीशला सांगितलं की मी येत नाही. त्याच जागेसाठी मी स्वतः अर्ज करणार होते. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मीनल, आमची मुलगी, दोन वर्षांपासून मुख्य भूमीवरच्या शाळेच्या वसतिगृहात राहत होती, कारण बेटावरची शाळा बाराव्या वर्षापुढे नव्हती. तिच्यासाठी मला कुठे जायची गरज नव्हती. आणि तीनशे ऐंशी माणसांपैकी प्रत्येकाची छाती मी ऐकली होती. मला दुसरं काही नको होतं.

"कर की अर्ज," हरीश म्हणाला. मला ते उदार वाटलं.

बोर्डाचं उत्तर आठ दिवसांत आलं. जनरल प्रॅक्टिसमध्ये मुख्य डॉक्टर व्हायला त्या काळी ट्रेनिंगचं प्रमाणपत्र लागायचं, किंवा मग तेवढ्याच अनुभवाचा पुरावा: कोणाच्या देखरेखीशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं काम. प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हतं. अनुभवाबद्दल बोर्डाने अर्थातच मुख्य डॉक्टरांकडे लेखी विचारणा केली होती, आणि त्याची प्रत मला पाठवली होती. हरीशने दोन वाक्यं लिहिली होती. डॉ. मिसेस बेहेरे यांनी औषधं देण्याच्या कामात आणि प्रसंगी पेशंट तपासण्यात मला मदत केली आहे. हे काम माझ्या देखरेखीखाली झालेलं आहे.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मग काय लिहू? मी नव्हतोच, असं लिहू? माझं रजिस्ट्रेशन जाईल, सुप्रभा. श्रीकांत मला दारातसुद्धा उभं करणार नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझं काम सिद्ध व्हायचं तर त्याची गैरहजेरी सिद्ध व्हायला हवी होती. नऊ वर्षं दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली राहिल्या होत्या आणि मी त्यांचा असा एकत्र विचारच केला नव्हता.

पुरावा माझ्याजवळ होता. पहिल्या वर्षापासून मी स्वतःच्या वह्या ठेवल्या होत्या. सरकारी कार्डांवर जेमतेम चार शब्द मावायचे, आणि दवाखाना झाडायला येणारी बाई अर्ध्या बेटाची मावसबहीण होती. म्हणून मी मराठीत लिहायचे. अकरा वह्या, पट्टीने आखलेले सहा रकाने. तारीख आणि वेळ. घराचा नंबर. तक्रार. काय आढळलं. काय केलं. आणि सहाव्या रकान्यात हरीश कुठे होता ते. 'ह. लेस्टर.' 'ह. बोटीवर.' 'ह. घरी, झोपलेला.' कुठल्याही नोंदीबरोबर ती कुठल्या परिस्थितीत झाली तेही लिहायचं, एवढीच मला सवय होती. मी त्याच्यावर पाळत ठेवत नव्हते. वारा कुठला होता तेही लिहायचे.

बोर्डाला मी वह्यांबद्दल कळवलं. त्यांच्या सचिवाने नम्रपणे लिहिलं की त्यांच्याकडे मराठी वाचणारा माणूस नाही. माझं स्वतःचं भाषांतर ग्राह्य धरता येणार नाही. माझ्या नात्यात नसलेली, दोन्ही भाषा जाणणारी, शास्त्र शिकलेली एखादी व्यक्ती मी सुचवावी. तिने पूर्ण भाषांतर करून, तसं लिहून देऊन, वह्यांसह ते थेट बोर्डाकडे पाठवावं.

मी अनुराधाचं नाव दिलं. दुसऱ्या कोणाचा विचारही केला नाही.

इंटर सायन्सला अनुराधा आणि मी होस्टेलच्या एका खोलीत आणि प्रयोगशाळेच्या एका टेबलावर होतो. पुढे मी मेडिकलला गेले, ती रसायनशास्त्र घेऊन केंब्रिजला पोचली आणि एका प्रयोगशाळेत एन्झाइम्सवर काम करत तिथेच राहिली. तिने लग्न केलं नाही. मीनल तिला अनूमावशी म्हणायची. अख्ख्या इंग्लंडात माझी अशी एकच मैत्रीण होती. ती आकड्यांच्या बाबतीत निर्दय होती. एकदा ब्युरेटचं एक रीडिंग बाकीच्यांशी जुळेना म्हणून मी ते खोडायला निघाले, तर तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं होतं. जे आलं ते लिहायचं, का आलं ते नंतर बघू, असं ती म्हणाली होती. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती.

वह्या रजिस्टर पोस्टाने केंब्रिजला गेल्या. जूनमध्ये तिचे दोन-तीन फोन आले. पिळवटून दुखणं याला डॉक्टरी इंग्रजीत काय म्हणतात, 'नळ भरलेत' म्हणजे नक्की काय, असे प्रश्न. एकदा तिने विचारलं, "हे 'ह.' म्हणजे हरीशच ना?"

"हो."

"प्रत्येक ओळीत आहे गं."

"प्रत्येक ओळीत."

तिने वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "तुझं अक्षर अजून तस्संच आहे, सुपे." आणि फोन ठेवला.

जुलैमध्ये मीनलची शाळा सुटली. हरीश तिला आधी लेस्टरला घेऊन गेला, मग ती बेटावर आली. बाबांनी मला केंब्रिजला नेलं, अनूमावशीकडे राहिलो, नदीत बोट चालवली, असं तिने सांगितलं. मला बरं वाटलं होतं. मुलीला आपल्या मैत्रिणीचा लळा आहे, हे कोणाला आवडणार नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीलाच बोर्डाचा जाड लिफाफा आला. वरचं पत्र एक पानी होतं. सादर केलेल्या वह्यांवरून डॉ. मिसेस बेहेरे यांनी भरपूर काम केल्याचं दिसतं, परंतु ते देखरेखीशिवाय केल्याचं दिसत नाही. मुख्य डॉक्टरांच्या निवेदनाशी वह्यांमध्ये कुठेही विसंगती नाही. त्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही. निर्णय मान्य नसल्यास अठ्ठावीस दिवसांत लेखी हरकत घेता येईल.

कुठेही विसंगती नाही, हे शब्द मला कळेनात. मी भाषांतराची पानं बाहेर काढली. सुंदर टाइप केलेलं होतं. तारखा बरोबर, घरांचे नंबर बरोबर. 'नळ भरलेत'ला तिने फार चांगला शब्द शोधला होता. मी चार पानं वाचली आणि मग लक्षात आलं की मी शब्द वाचतेय, कागद बघत नाहीये. रकाने पाच होते.

मी सगळी पानं चाळली. सगळीकडे पाचच. शेवटच्या पानावर तिने लिहून दिलं होतं की हे मूळ वह्यांचं खरं आणि संपूर्ण भाषांतर आहे. खाली सही, नावापुढे तिच्या पदव्या.

दुपारी तिच्या प्रयोगशाळेत फोन लावला. ती जागेवरच होती.

"शेवटचा रकाना कुठे आहे, अनुराधा?"

तिने मला काय म्हणतेस असं विचारलं नाही. एवढं तरी तिचं मानायला हवं.

"मला माहीत होतं तुझा फोन येणार," ती म्हणाली. "ऐकून घे आधी. हरीश आला होता. मीनलला घेऊन आला होता. ती पोर काही बोलली नाही गं, नुसती बागेत बसून होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, हे मी माझ्या हाताने करायचं? तिच्या बापाला डॉक्टरकीतून काढतील. पेपरात येईल. इंडियन डॉक्टर, पगार घेतला आणि बेटावर नव्हताच. तुला कल्पना आहे आपल्या लोकांत काय होईल?"

"मी तुला भाषांतर करायला सांगितलं होतं."

"एक शब्दही खोटा लिहिलेला नाही मी."

"संपूर्ण असं लिहिलंयस."

तिच्या मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. मग ती खालच्या आवाजात बोलली, समजावल्यासारखी. "सुपे, संसार म्हणजे वही नाही. तू तिथे एकटी राहून राहून अशी झालीयेस. लेस्टरला जा, चार माणसांत राहा. वर्षभराने तूच मला दुवा देशील."

"तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली.

हे तिने अगदी सहज सांगितलं. मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

हरीशचा फोन संध्याकाळी आला. तिने त्याला कळवलं असणार. तो रागावलेला नव्हता. आवाजात सुटकेचा मोकळेपणा होता आणि तो लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं. झालं ते झालं, असं तो म्हणाला. श्रीकांतशी त्याचं बोलणं झालं होतं, तिथे मला नुसतं बसावं लागणार नव्हतं. "रिसेप्शनला तीन मुली आहेत, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला जबाबदार बाई हवीय. तुला मराठी येतं, थोडं गुजराती येतं. छान जमेल तुला."

मी विचारलं, "मी हरकत घेतली तर?"

"तू नाही घेणार," तो म्हणाला. धमकी नव्हती ती. तो माझ्याबद्दलचं त्याचं ज्ञान सांगत होता.

हरकत घ्यायची तर एका पानाचं पत्र पुरणार होतं. सहावा रकाना गाळला आहे, एवढं लिहिलं की वह्या लंडनच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडे जाणार होत्या. बोर्डाच्या सचिवाने मला फोनवर हे नीट समजावून सांगितलं. पानन् पान वाचलं जाईल, ज्यांची नावं येतील त्यांना समितीपुढे बोलावलं जाईल. मी पत्र लिहिलं. चार ओळींचं. ते पाकिटात घालायच्या आधी मी नर्स डोलिनाकडे गेले.

डोलिना बेटाची नर्स. तिथेच जन्मलेली, अठ्ठावन्न वर्षांची, दोन वर्षांनी निवृत्त होणार होती. नऊ वर्षं आम्ही दोघींनी मिळून ते बेट सांभाळलं. एकमेकींच्या घरी फारसं गेलो नाही, पण तिने हातात काय द्यायचं ते मला कधी सांगावं लागलं नाही.

जून १९८८मध्ये बोर्डाचे एक साहेब न कळवता बोटीने आले होते. हरीश लेस्टरला होता. साहेब माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि डॉक्टर कुठे आहेत म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत डोलिना म्हणाली की डॉक्टर उत्तरेच्या टोकाला गेलेत, म्हातारा मनुष्य आहे, रस्ता वाहून गेलाय, संध्याकाळशिवाय परतणार नाहीत. साहेबांना दुपारची बोट गाठायची होती. मी चहा केला. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि ते गेले. त्या दिवशीच्या सहाव्या रकान्यात हे सगळं आहे. तिने काय सांगितलं ते, आणि मी चहा केला तेसुद्धा.

डोलिना शेतावरून नुकतीच आली होती. मी तिला सगळं सांगितलं, अनुराधाचंही. ती बूट काढता काढता ऐकत होती.

"असली मैत्रीण," ती म्हणाली, "मी तिला समुद्रात ढकललं असतं."

मग मी तिला जूनचा तो दिवस सांगितला, आणि वहीत तो कसा लिहिलाय तेही. तिचा एक बूट हातात तसाच राहिला.

"तुम्ही ते लिहून ठेवलंत?"

"मी सगळंच लिहून ठेवते."

"तुम्हाला काढून टाकतील म्हणून मी ते बोलले होते, डॉक्टर. त्याच्यासाठी नाही. तो गेला असता तर तुम्हीही गेला असतात."

"मला माहीत आहे."

"तेवढं पान फाडा."

वह्या माझ्याकडे नव्हत्या, बोर्डाच्या कपाटात होत्या, हे मी तिला सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली. बाहेर तिची भावजय वाळत घातलेल्या चादरी काढत होती. डोलिना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, जणू ते काम नीट होतंय की नाही हे पाहणं महत्त्वाचं होतं.

"तुम्ही मला विचारायला आलात की सांगायला?" तिने विचारलं.

"विचारायला."

"मग नाही," डोलिना म्हणाली. "मला समितीपुढे उभं राहून खोटारडी व्हायचं नाही. चर्चमध्ये माझ्या आईची जागा आहे, तिथे मी बसते. डॉक्टर येतात आणि जातात. मला इथंच मरायचंय." मग ती म्हणाली, "लोकांना तुम्ही हव्या आहात. पण कोणी माझ्या विरुद्ध बोलणार नाही आणि तुमच्या बाजूनेही बोलणार नाही. एवढं तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं असेल."

मी हो म्हटलं. तिने चहा विचारला नाही. त्या बेटावर चहा न विचारता कोणालाही दारातून जाऊ देत नाहीत.

घरी येताना रस्त्यात दोन गाड्या भेटल्या. दोन्ही गाड्यांतल्या माणसांनी नेहमीप्रमाणे स्टीअरिंगवरून एक बोट उचलून मला नमस्कार केला. एकाच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं मी केली होती. मला वाटलं, गाडी थांबवावी आणि त्याला विचारावं, तू समितीपुढे येशील का. मी थांबवली नाही. डोलिनाने त्याचं उत्तर दिलंच होतं, आणि डोलिनाला बेटाची माणसं माझ्याहून जास्त माहीत होती. नऊ वर्षं सगळं बेट माझ्यासाठी गप्प राहिलं होतं. आता ते तसंच गप्प राहणार होतं.

अठ्ठावीस दिवस संपेपर्यंत ते पत्र माझ्या टेबलावर होतं. मी ते कितीदा तरी वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. एकोणतिसाव्या दिवशी मी ते स्टोव्हमध्ये टाकलं. हरीशला वाटलं, मी त्याच्यासाठी हरकत घेतली नाही. त्याने फोनवर आभारसुद्धा मानले. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही; त्याला डोलिनाचं नाव कळायला नको होतं.

नवा डॉक्टर सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. अॅबर्डीनचा, तरुण, बायको आणि कुत्रा बरोबर. मी त्याला दोन दिवस सगळी घरं दाखवली. कोणाला पेनिसिलिन चालत नाही, कोणाला विचारल्याशिवाय दुखणं सांगायची सवय नाही, कोणाकडे फाटकापाशी भोंगा वाजवून थांबायचं. तो लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं, हे सगळं डॉ. बेहेरेंनी सांगितलं का तुम्हाला. मी म्हटलं, नाही, इथे राहून कळतं. पेशंटची कार्डं त्याने तपासून घेतली आणि पोच म्हणून सही केली. प्रत्येक कार्डावर हरीशचं नाव खोडून त्याचं घालायचं होतं. माझं नाव खोडायचं काम कोणालाच पडलं नाही.

धक्क्यावर निरोपाला बरीच माणसं आली होती. डोलिनाही आली. तिने मला तिच्या हातचा स्वेटर दिला आणि मी तो घेतला.

मी लेस्टरला गेले नाही. मीनलला मी शाळेत जाऊन भेटले आणि सांगितलं की सुट्टीत तिला दोन घरं असतील. तिने विचारलं, "मी काय बोलायला हवी होती का आई, मावशीकडे?" तिचं मराठी तेवढंच होतं, तरी तिने ते मराठीत विचारलं. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. बाकीचं ती मोठी झाल्यावर सांगू असं ठरवलं, आणि अजून सांगितलेलं नाही.

ट्रेनिंगच्या प्रमाणपत्रासाठी एका डॉक्टरच्या हाताखाली वर्षभर काम करावं लागायचं. चौदा अर्ज केल्यावर नॉर्थम्बरलँडमधल्या एका गावात जागा मिळाली. माझा ट्रेनर तेहतीस वर्षांचा होता, मनमिळाऊ होता, आणि माझ्याशी कसं बोलावं ते त्याला पहिल्या दिवशी उमगत नव्हतं. त्याने फॉर्म पुढे ओढला. नाव, जन्मतारीख, पदवीचं वर्ष. ते वर्ष लिहिताना तो जरा थांबला.

"जनरल प्रॅक्टिसचा आधीचा काही अनुभव?" त्याने विचारलं.

"दाखवता येईल असा नाही," मी म्हटलं.

तो हसला आणि त्या जागी एक आडवी रेघ मारली. मग म्हणाला, काळजी करू नका, आठवड्याभरात सरावाल. आज फक्त बसून बघा. त्याने माझ्यासाठी भिंतीशी एक खुर्ची ठेवली होती. पहिली पेशंट आत आली, साठीची बाई, एका हाताने दुसरं कोपर धरलेली. ट्रेनरने विचारलं, "काय होतंय?" उत्तर द्यायच्या आधी तिने खोलीत आणखी कोण आहे ते पाहिलं.

"या फक्त शिकायला आल्या आहेत," तो तिला म्हणाला.

मी बाईला नमस्कार केला आणि बघत बसले.